परदेशची सहल आणि घरची भीती

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला आहे आणि भोजनाची वेळ जवळ येत आहे, याची मला जाणीव आहे. तेव्हा प्रास्ताविकात वेळ न दवडता विषयाकडे वळते. हा विषय मी निवडलेला नाही. सहल समितीने तो माझ्यावर सोपविला आहे. सर्वसाधारण विम्याच्या कचेरीत माझी तेहतीस वर्षे गेली, म्हणून संकटांचा हिशेब मला अधिक कळत असावा असा समितीचा समज दिसतो. तो कितपत खरा, हे आपणच ठरवावे.

आपल्या संस्थेने २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस श्रीलंकेची कौटुंबिक सहल योजिली होती. नावे नोंदली गेली होती आणि आगाऊ रकमाही जमा झाल्या होत्या. २२ एप्रिल रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात अतिरेक्यांनी सव्वीस जणांची हत्या केली. त्यांत पंचवीस पर्यटक होते आणि एक तेथीलच घोडेवाला होता. मृतांत डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे गृहस्थ होते. सुटीत बायकामुलांना घेऊन बाहेर पडलेली, तुमच्याआमच्यासारखीच माणसे. त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या सहलीच्या यादीतील निम्म्याहून अधिक कुटुंबांनी नावे मागे घेतली. हल्ला झाला काश्मिरात आणि नावे गळाली लंकेच्या यादीतून! पुढे ७ ते १० मे या काळात सीमेवर प्रत्यक्ष संघर्ष पेटला, उत्तर व पश्चिम भारतातील बत्तीस विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीस बंद राहिले, आणि सहल पुढे ढकलण्यावाचून समितीस गत्यंतर उरले नाही. आता ती पुन्हा योजावयाची आहे, आणि घरोघरी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे : जावे की न जावे?

ज्यांनी नावे मागे घेतली त्यांना कोणी हसू नये. परंतु त्या आठवड्यात आपल्या मनात नेमके काय घडले, हे एकदा शांतपणे पाहिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम थोडे जुने. परदेशगमन आणि ज्ञाती यांचे नाते आज दिसते तितके गोडीगुलाबीचे कधीच नव्हते. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली आणि शेठजींनी त्याला जातीबाहेर टाकले. जो कोणी त्याला साहाय्य करील किंवा निरोप द्यावयास बंदरावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरला. परत आल्यावर त्याच्या वडीलबंधूंनी ज्ञातीच्या समाधानासाठी त्याला नाशिकास नेऊन गोदावरीत स्नान घडविले. आपल्याकडील आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पना आपण करू शकतो. ज्या ज्ञातिसंस्था एके काळी समुद्र ओलांडणाऱ्यास दंड करीत, त्याच आता समुद्रापलीकडच्या सहली काढतात. काळाचा महिमा, दुसरे काय! पण एक गोष्ट मात्र बदललेली नाही. त्या वेळी भय होते ते समुद्राचे नव्हे, चारचौघांच्या बोलण्याचे. आज आपण ज्याला जिवाची भीती म्हणतो, तिच्यातही तो जुना अंश मला बराच शिल्लक दिसतो.

कसा, ते सांगते. एखादा मनुष्य द्रुतगती मार्गावर मोटारीच्या अपघातात गेला, तर आपण हळहळतो, नशिबाला बोल लावतो. गाडीतून पडून गेला, तरी तेच. पण तोच मनुष्य परदेशात हिंडावयास गेला असता घातपातात सापडला, तर आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणते, "कशाला गेले होते?" या तीन शब्दांचे भय फार मोठे आहे. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्या बापाला, वृद्ध सासूबाईंना नेणाऱ्या सुनेला, हे शब्द आधीच ऐकू येऊ लागतात. कामासाठी गेलेल्या माणसाचा मृत्यू दैवाच्या खाती जमा होतो. सहलीस गेलेल्याचा मृत्यू त्याच्या हौसेच्या खाती. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाड्यांना पुन्हा गर्दी होती. वृत्तपत्रांनी मुंबईकरांच्या धैर्याचे गोडवे गाइले. धैर्य होतेच, पण खरे सांगावयाचे तर पोट होते. पोटासाठी पत्करलेला धोका आपण मोजतही नाही. आनंदासाठी पत्करावयाचा म्हटले की तराजू काढून बसतो.

आता तराजू काढलाच आहे, तर आकडेही त्यात घालू. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरसाल दोन हजारांहून अधिक जीव जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात निरपराध व पोलीस मिळून १६६ जण गेले. तो दिवस आपण जन्मभर विसरणार नाही, आणि विसरूही नये. परंतु रूळ ओलांडताना गेलेल्या त्या हजारोंपैकी एकाची तरी तारीख आपल्याला आठवते काय? मनाचा हा स्वभाव कानेमान व ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली नीट मांडला : जे चटकन आठवते, तेच वारंवार घडते असे मन धरून चालते. आणि आठवते काय? तर जे डोळ्यांसमोर पुनःपुन्हा आणले जाते. पूर्वी हे काम सायंकाळच्या बातम्या करीत; आता आपल्या आत्याबाई आणि काकामंडळीच व्हॉट्सॲपवरून तेच चित्र दिवसातून दहादा पाठवितात. त्यांचा हेतू काळजीचा असतो, हे मी जाणते.

या भीतीची किंमत प्राणांनीही मोजावी लागते, याचे एक उदाहरण अमेरिकेचे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथील पुष्कळ लोकांनी विमान सोडून मोटारीने लांबचे प्रवास केले. गिगेरेंझर नावाच्या जर्मन संशोधकाने पुढे हिशेब मांडला, तेव्हा त्या एका वर्षात रस्त्यावर सुमारे सोळाशे माणसे नेहमीपेक्षा अधिक मेली असावीत, असा अंदाज निघाला. विमानाला भिऊन मोटारीत बसलेली ही माणसे. त्यांच्यासाठी कोठे स्मारक नाही.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की, बाई आता सर्वांना बिनदिक्कत जा म्हणून सांगणार. तसे नाही. मी विमाव्यवसायातील आहे, आणि या व्यवसायाची एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. रस्त्यावरील अपघात दरवर्षी साधारण त्याच प्रमाणात होतात, म्हणून त्यांचा हप्ता बांधता येतो. घातपाताचे तसे नसते. तो वर्षानुवर्षे कोठेच घडत नाही आणि मग एकाच आठवड्यात एकाच शहरात घडतो. २००१ नंतर जगातील मोठमोठ्या पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाची जोखीम घेण्यास नकार दिला, तेव्हा आपल्या देशातील कंपन्यांना एकत्र येऊन एप्रिल २००२ मध्ये त्यासाठी सामाईक निधी उभारावा लागला. ज्यांचा उभा जन्म जोखीम मोजण्यात गेला तेच जेथे कचरले, तेथे चार माणसांच्या घराने कचरू नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? सरासरीचा आकडा वर्षाचा असतो. आपल्याला जावयाचे असते ते एका ठरावीक देशात, एका ठरावीक आठवड्यात. म्हणून "एकंदरीने धोका अल्प आहे" हे वाक्य खरे असूनही अपुरे पडते.

येथे माझ्या घरची हकीकत सांगते, कारण ती लंकेचीच आहे. माझ्या आईला त्या वेळी अठ्ठ्याहत्तरावे वर्ष होते. काशी झाली होती, रामेश्वर झाले होते. सीतामाईला जेथे ठेवले होते ती अशोकवाटिका पाहावी, एवढीच एक इच्छा ती बोलून दाखवी. नुवारा एलियाजवळ सीता एलिया नावाचे स्थान आहे, तेथे सीतेचे देऊळ आहे आणि तीच अशोकवाटिका असे मानले जाते. २०१९ च्या १२ मे रोजी निघावयाचे म्हणून दादाने आम्हा सात जणांची तिकिटे काढली. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो व बट्टिकलोआ येथील प्रार्थनामंदिरांत आणि कोलंबोच्या तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली; त्यांत आपले भारतीयही होते.

त्या रात्री घरात सभा भरली. दादाचे म्हणणे, आता बंदोबस्त कडक असेल, म्हणून हीच वेळ सर्वांत सुरक्षित. वहिनींनी स्पष्ट सांगितले की मुलांना घेऊन त्या पाऊल टाकणार नाहीत. मेहुण्यांना भरलेल्या पैशांची चिंता. आईला कोणी विचारलेच नाही. अखेर तीच म्हणाली, "मला तिथे जाऊन मरायचं नाही आणि इथे बसून झुरायचंही नाही. कधी जायचं ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा." 'जायचं की नाही' असे ती म्हणाली नाही, 'कधी' असे म्हणाली. साऱ्या चर्चेत हाच एक प्रश्न विचारण्यासारखा होता.

मग आम्ही काही गोष्टी पाहिल्या. हल्लेखोरांचे जाळे पुरते हाती आले होते काय? नव्हते, धरपकड चालू होती आणि देशात आणीबाणी जाहीर झालेली होती. आपल्या सरकारचे मत काय होते? परराष्ट्र मंत्रालयाने एप्रिलच्या अखेरीस, आवश्यकता नसल्यास श्रीलंकेचा प्रवास टाळावा, अशी सूचना काढली होती. सूड उगविण्याचे प्रकार होण्याचा संभव होता काय? होता, आणि तसेच झाले. १३ मे रोजी वायव्य प्रांतात व आसपास मुसलमानांच्या घरांवर व दुकानांवर जमावांनी हल्ले केले, संचारबंदी लागली. ठरल्याप्रमाणे आम्ही निघालो असतो, तर ती आमच्या प्रवासाची दुसरीच सकाळ असती. दादाचा बंदोबस्ताचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण बंदोबस्त अतिरेक्यांसाठी असतो, बिथरलेल्या गावासाठी तो पुरा पडतोच असे नाही. तारखा बदलल्या. त्यात काही रक्कम बुडाली, ती बुडू दिली.

मे अखेरीस मंत्रालयाने सूचना सौम्य केली. ऑगस्टमध्ये आणीबाणी उठली. आणि डिसेंबरात आम्ही गेलो. ज्या देशात २०१८ च्या मे महिन्यात १,२९,४६६ परदेशी पाहुणे आले होते, तेथे २०१९ च्या मे महिन्यात अवघे ३७,८०२ आले. डिसेंबरात मात्र तोच आकडा २,४१,६६३ पर्यंत चढला, म्हणजे आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या जवळजवळ बरोबरीस आला. या आकड्यांच्या मागची माणसे आम्हांला गाडीवानाच्या रूपाने भेटली. काटुनायके विमानतळावरून आम्हांला नेणारा तो गृहस्थ सांगत होता की, त्याची गाडी चार महिने दारात उभी होती आणि हप्ते मात्र चालू होते. हॉटेलच्या दारी आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या जात. आई प्रत्येक वेळी आपली जपमाळेची गोमुखी स्वतःच पुढे करी. सीता एलियाला ओढ्याकाठी, खडकावर मारुतीची पावले म्हणून दाखवितात तेथे, ती बराच वेळ बसली. चहाचे मळे पाहावयाचे राहिले म्हणून मुले कुरकुरली, इतका वेळ.

याच्या तीन महिन्यांनंतर करोनाने साऱ्या जगाची दारे बंद केली. २०२२ साली श्रीलंकेवर आर्थिक अरिष्ट कोसळले, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या. तोवर आईचे गुडघे पायरी चढू देईनासे झाले होते. पुढे ढकलणे शहाणपणाचे असते. पण ते फुकट नसते, विशेषतः ज्यांचे वय झाले आहे त्यांच्या बाबतीत. तरुणाने दोन वर्षे थांबावे, काही बिघडत नाही. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला "पुढच्या वर्षी बघू" म्हणणे हा एक निर्णयच असतो, आणि बहुधा तो आपण त्यांच्या वतीने, त्यांना न विचारता घेतलेला असतो.

असेच एक उदाहरण क्रिकेटचे आहे, आणि ते आपल्या तरुण मंडळींना अधिक पटेल. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा इंग्लंडचा संघ भारतात होता. तो मालिका अर्धवट सोडून मायदेशी परतला. त्या वेळी आपल्यापैकी कित्येकांनी त्यांना भित्रे म्हटले. पण त्यांनी नुसते परत जाऊन दार लावून घेतले नाही. सुरक्षेची पाहणी करविली, कसोटी सामने मुंबई व अहमदाबादऐवजी मोहाली व चेन्नई येथे हलविले गेले, आणि दोन आठवड्यांच्या आत ते पुन्हा आले. ११ डिसेंबरला चेन्नईची कसोटी सुरू झाली; शेवटच्या दिवशी सचिन तेंडुलकरने नाबाद १०३ धावा करून भारताला ३८७ चे लक्ष्य गाठून दिले आणि ते शतक मुंबईच्या लोकांना अर्पण केले. तो आनंद आपल्याला लाभला, कारण पाहुणे परत आले होते. परक्यांनी आपल्या शहराबद्दल जी समज दाखवावी असे आपणांस वाटते, तीच आपण कोलंबोबद्दल दाखवावयास काय हरकत आहे? पहलगामचा तो घोडेवाला पाहुण्यांबरोबरच मेला, आणि मागे राहिलेल्यांचा धंदाही गेला. हल्ल्यानंतर काश्मिरातील ८७ पर्यटनस्थळांपैकी ४८ काही काळ बंद ठेवण्यात आली होती. अर्थात कोणाचा धंदा चालावा म्हणून आपण आपली मुले धोक्यात घालावी असे नव्हे. परंतु तिकडे राहणाऱ्यांना तो धोका सोडून जाण्याची सोय नसते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे आपली भीती आपोआप योग्य मापात येते.

आता व्यवहाराच्या दोनचार गोष्टी, कारण त्याबद्दल मला बाहेर बरेच जण विचारतात.

प्रवासविम्याचे कागद कोणी वाचत नाही. ते वाचावेत. मन धजत नाही म्हणून प्रवास रद्द केला, तर सामान्यतः विमापत्र त्याची भरपाई देत नाही. भीती हे त्यांच्या लेखी कारणच नव्हे. दहशतवादी कृत्यांमुळे झालेली हानी काही विमापत्रांत धरलेली असते, काहींत वगळलेली असते; आणि सरकारने मनाईची सूचना काढल्यावरही जो जातो, त्याच्या दाव्यात पुष्कळदा अडचण येते. पैसे भरण्यापूर्वी हे विचारावे; पर्यटन कंपनीच्या मुलाला तोंडी नव्हे, लेखी. सरकारी सूचनांची भाषाही बारकाईने पाहावी. "दक्षता बाळगावी" आणि "अनावश्यक प्रवास टाळावा" यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपली सहल ही सरकारी भाषेत अनावश्यक प्रवासातच मोडते, आपल्याला ती कितीही आवश्यक वाटो! अमेरिकेचे सरकार २०१८ पासून प्रत्येक देशाला एक ते चार अशी पायरी देते. तीही पाहता येते, मात्र त्या याद्यांत आपल्या भारताबद्दल काय लिहिलेले असते तेही एकदा वाचावे, म्हणजे अशा याद्या कशा वाचाव्यात हे उमगते. पारपत्राच्या प्रती घरी एका जबाबदार माणसाजवळ ठेवाव्यात. तेथील भारतीय दूतावासाचा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात, कागदावर लिहिलेला असावा. भ्रमणध्वनीवर विसंबून राहू नये, कारण अशा प्रसंगी तो प्रथम बंद पडतो. चुकामूक झाली तर कोठे जमावयाचे, हे प्रत्येक गावी पोहोचताच ठरवावे. मुलांनाही ते सांगावे. सांगितल्याने ती भीत नाहीत, लपविल्याने भितात. आणि गाडीत बसल्यावर पट्टा लावावा. आकडे मघाशी सांगितलेच आहेत.

राहता राहिला प्रश्न घरातील मतभेदाचा. ज्यांना जावयाचे नाही, त्यांना "भित्रे" म्हणून कोणी टोमणे मारू नयेत. विशेषतः लहान मुलांच्या आयांना. ज्या घरी एकाचे मन मुळीच घेत नाही, त्या घराने या वेळी न जावे हे उत्तम; धास्तावलेल्या माणसाला घेऊन केलेली सहल ही कोणाचीच सहल होत नाही. उलट ज्यांना जावयाचे आहे, त्यांना "कशाला जाता?" म्हणून घरी येऊन कोणी उपदेश करू नये. आणि घरातील थोरामोठ्यांना आपल्या वतीने उत्तर देण्यापूर्वी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारावे. सहल समितीस माझी विनंती अशी की, तारीख ठरविताना पैसे परत करण्याची मुदत व अट लेखी जाहीर करावी, म्हणजे भिडेपोटी जाणारे आणि भिडेपोटी राहणारे, दोघेही मोकळे होतील. समितीने निघण्यापूर्वी पंधरा दिवस पुन्हा एकदा परिस्थिती पाहावी आणि तसे सर्वांना कळवावे. विमापत्रे आणलेल्यांनी भोजनानंतर मला अवश्य भेटावे. चष्मा मी बरोबर आणला आहे.